एक छोटंसं टक्

टर्बोचं कौतुक सगळेच करतात. त्याच्या शेजारी बसलेल्या, मुठीत मावणाऱ्या काळ्या सोलेनॉईडकडे मात्र गाडी अडल्याशिवाय कुणी पाहत नाही. मला विचाराल, तर इंजिनातली सगळ्यात सुंदर कल्पना तिथेच आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला जुळवलेल्या जुन्या स्कोडा ऑक्टेव्हियांपैकी १.८ लिटरची पेट्रोल टर्बो घ्या. एग्झॉस्टच्या जोरावर फिरणारं चक्र इंजिनात हवा कोंबतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली घेतलेल्या पेटंटचं हेच मर्म. दाब वाढला की तोच दाब नळीतून ॲक्च्युएटरपर्यंत जातो, वेस्टगेट म्हणजे एग्झॉस्टला टर्बोच्या बगलेने वाट देणारं दार उघडतो आणि स्वतःलाच आवरतो. म्हणजे दाबाची चहाडी दाबच करतो! सोलेनॉईड ती चहाडी पुरती पोचू देत नाही. नळीतली थोडी हवा तो इनटेककडे परत सोडतो, वेस्टगेट उशिरा उघडतं आणि गाडीला जादा दम मिळतो. एवढ्या वादळाला हा चिमूटभर हवेने हाताळतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

गाडी जुनी झाली की क्रँककेसमधली तेलाची वाफ इनटेकमध्ये जास्त येऊ लागते. एअर फिल्टरचा डबा सैल असेल, तर पाथर्डीकडची उन्हाळ्यातली धूळही त्यात मिसळते. या चिकट थराने आतला प्लंजर अडतो. वीज नसतानाच्या जागी अडला, तर वेस्टगेट लवकर उघडतं आणि करंजी घाटात गाडी उचलत नाही. उलट्या बाजूला अडला, तर दाब वाजवीपेक्षा चढतो आणि गाडीचा कॉम्प्युटर ताकद छाटतो. घाटात दोन्ही वेळा तक्रार एकच, ‘पिकअप नाही’. म्हणून निव्वळ तक्रारीवरून टर्बो उतरवायला निघालेल्या फिटरपेक्षा आधी नळ्या चाचपणारा मला मोठा वाटतो.

असा फिटर सोलेनॉईडच्या तिन्ही नळ्यांना खुणेच्या चिकटपट्ट्या लावतो, मगच क्लिपा सोडतो. मल्टिमीटरवर कॉइल साधारण २५ ते ३५ ओहम दाखवते का, ते बघतो. कॉइलच तुटलेली असेल, तर धुण्यात अर्थ नाही. मग सोलेनॉईडच्या तोंडांतून इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर सोडतो; जहाल ब्रेक क्लीनर आतल्या सीलला बाधू शकतो. काळपट तेल ओघळतं. पुन्हा फवारा, पुन्हा निथळणं, ओघळ स्वच्छ येईपर्यंत. आत तार खुपसायची नाही, बंद कवच उचकटायचं नाही. हा संयम मला या कामातला खरा कस वाटतो.

पूर्ण वाळल्यावर १२ व्होल्ट क्षणभर लावले की ‘टक्’ असा कोरडा, नेमका आवाज येतो. पण कानांनी तेवढ्यावर समाधान मानू नये. फुंकूनही पाहावं: वीज नसताना टर्बोकडच्या तोंडातली हवा ॲक्च्युएटरकडे निघाली पाहिजे, वीज दिल्यावर ॲक्च्युएटरची वाट इनटेककडे मोकळी झाली पाहिजे. टक् होऊनही हवा दोन्हीकडे झिरपत असेल, तर सोलेनॉईड नवाच घ्यावा. आणि तो बसवण्याआधी क्रँककेसच्या श्वासनळ्या व त्यांचे व्हॉल्व्ह तपासावेत, कारण तेल बहुधा येतं तिथूनच.