शेवटचं कडवं कोण ऐकतो?

यवतमाळ जिल्ह्यात गाण्याला हंगाम असतो, कापसासारखाच. ७ फेब्रुवारीला रमाई जयंती, होळीला पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांवर लेंगी, १४ एप्रिलची बाबासाहेब आंबेडकर जयंती, बुद्ध पौर्णिमा, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची खंजिरी भजनं. आणि दसऱ्याला वणीपासून उमरखेडपर्यंतच्या गाड्या नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघतात. मुंबई-पुण्याचा संगीतबाजार चित्रपट प्रदर्शित होण्याच्या तारखांवर चालतो, इथला या तारखांवर. या सगळ्यात बाजाराशी सर्वांत जुनं आणि सर्वांत गुंतागुंतीचं नातं आहे ते भीमगीतांच्या श्रोत्याचं. म्हणून हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल.

हा श्रोता कधीच नुसता गिऱ्हाईक नव्हता. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले तेव्हा तिकीटखिडकी नव्हती; वस्तीच मंच बांधायची, वस्तीच जेवण घालायची. आपल्या दहा भाषणांइतकं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं अजून सांगितलं जातं. पुढे वामनदादा कर्डक (आडनाव तेच, माणूस वेगळा) गावोगाव फिरले, अनुयायांच्या घरी राहिले, तिथेच गाणी लिहिली. त्यांच्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगतात. त्यांचा खरा संग्रह श्रोत्यांकडच्या हातवह्यांत होता. वर्गणी काढणारा तोच, गाणं उतरवून घेणारा तोच, पुढच्या गावी पोचवणारा तोच. कंपनीने जे काम पगारी माणसं ठेवून केलं असतं, ते इथे निष्ठेवर फुकट झालं.

यात दोन युक्त्या होत्या. पहिली, चाल. कितीतरी गाणी गाजलेल्या चित्रपटगीतांच्या चालीवर बांधलेली असत. बाजारात मिळणाऱ्या चोपड्यांत गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचं नाव छापलेलं असे. चाल आधीच पाठ असल्याने श्रोत्याला फक्त शब्द शिकायचे असत. दुसरी, शेवटच्या कडव्यात कवीने गुंफलेलं आपलं नाव. संतांच्या अभंगांतून आलेली ही रीत तुकडोजींनी खंजिरी भजनांत पाळली, वामनदादांनी भीमगीतांत. ज्याच्याजवळ ना नोंदणी होती ना वकील, त्याचा हा स्वामित्व हक्क. गाणं कुणीही गावं, कुठेही गावं. शेवटपर्यंत गायलं की कवी हजर.

कॅसेट आली आणि बाजार या श्रोत्याच्या दारात आला. १९८०च्या दशकात टी-सीरिज, व्हीनस अशा कंपन्यांनी एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. १९५७च्या कायद्यात जुनी गाणी नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करायला वाट होती, तीही त्यांच्या पथ्यावर पडली. प्रादेशिक गाणं अचानक परवडू लागलं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, पुढे आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज आर्णीच्या पानठेल्यावर आणि घाटंजीच्या काळीपिवळीत वाजू लागले. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे गाळे लागले. दसऱ्याला तिथून नवी कॅसेट आणणं हा यात्रेचाच भाग झाला.

त्या काळाबद्दल हळवं होऊन बोलणारे बरेच भेटतात. मला ते पूर्ण पटत नाही. वेष्टनावर गायकाचा मोठा फोटो आणि गीतकार कोपऱ्यात बारीक अक्षरात, ही सवय तिथलीच. एकरकमी पैसे हातावर ठेवून हक्क लिहून घ्यायची पद्धतही तिथलीच. कवीला स्वामित्वधनाचा वाटा मिळावा यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१२ साली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही त्याआधीच, २००४ मध्ये, गेले होते. पण कॅसेटचा एक गुण मानावाच लागेल. गाणं मधूनच पुढे ढकलणं जिकिरीचं होतं, त्यामुळे लोक बाजू संपेपर्यंत ऐकत. शेवटचं कडवं कानावर पडत असे.

नंतर गाणी मेमरी कार्डात भरून देणारी दुकानं तालुक्यातालुक्यात निघाली. दहा-वीस रुपयांत शेकडो गाणी, आणि फायलीचं नाव ‘ट्रॅक ०७’. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि थोड्याच काळात ती दुकानंही ओस पडली. मग यूट्यूब. त्याने जे दिलं ते नाकारू नये. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गाताना कुणीतरी मोबाईलवर टिपल्या आणि त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. कुठल्या कंपनीच्या दारात त्या उभ्या राहिल्या असत्या तर हे झालं असतं, असं वाटत नाही. त्यांना शोधलं श्रोत्यांनी, मोठं केलंही श्रोत्यांनी.

पण रील सहसा छोटीच असते. मुखडा आणि एक ठेका. नाव असलेलं कडवं तिथे पोचतच नाही. त्याहून गमतीची गोष्ट जयंतीच्या मिरवणुकीत ऐकू येते. डीजे मिक्समध्ये मूळ कडवी कापलेली असतात, आणि मिक्स करणाऱ्याचं नाव मात्र दर थोड्या वेळाने यांत्रिक आवाजात ओरडलं जातं. नाममुद्रा गेलेली नाही, तिचा मालक बदलला आहे.

चालीचंही उलटलं. चित्रपटाच्या चालीवर गाणं बांधणं ही एके काळी गरिबाची सोय होती. आता यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा चाल ओळखू शकते आणि कंपनीने दावा लावला की जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात. स्पॉटिफायने २०२४पासून वर्षाला हजार वेळांपेक्षा कमी ऐकल्या जाणाऱ्या गाण्याला मोबदला देणंच थांबवलं. मारेगाव-झरीकडच्या एखाद्या भजन मंडळाला हजाराचा आकडा अवघड नसेलही, पण त्यांच्या हातात काय पडणार? पूर्वी श्रोता मंचावर येऊन पन्नासची नोट द्यायचा आणि निवेदक त्याचं नाव घ्यायचा. रक्कम लहान होती, पण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत होते.

भीमगीतांच्या बाहेरचं एक उदाहरण लेंगीचं. होळीला डफाच्या तालावर घोळक्याने म्हटल्या जाणाऱ्या, बंजारा समाजाच्या गोरमाटी बोलीतल्या या गाण्यांकडे मोठ्या कंपन्यांनी फारसं पाहिलं नाही. यूट्यूबमुळे पुसदचं गाणं तेलंगणातल्या आणि कर्नाटकातल्या तांड्यांपर्यंत गेलं. राज्यांच्या सीमांनी तोडलेली बोली एकत्र ऐकू आली. इथे नफा निखळ वाटतो. मात्र जे गाणं कुणा एकाचं नव्हतं, त्याच्याखाली आता चढवणाऱ्याचं नाव असतं.

दोष एकट्या बाजारावर टाकणं सोपं आहे. भीमगीतांच्या दर्जाबद्दल बोलायचं तर श्रोत्याकडे वळावंच लागतं. वामनदादांच्या गाण्यात स्वतःच्या समाजाला विचारलेले खडे प्रश्न होते, आर्थिक वाट्याचा हिशेब होता, पुढाऱ्यांची हजेरी होती. आजच्या गाजणाऱ्या गाण्यांत गौरव भरपूर आणि युक्तिवाद कमी आहे. रुबाब, एंट्री, दणका. बाबासाहेबांचं नाव असलं की गाण्याला वाईट म्हणायची सोय उरत नाही, खाली ‘जय भीम’च्या रांगा लागतात, आणि बनवणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. निष्ठेने ही कला जगवली हे खरं. तीच निष्ठा आता तिची परीक्षा घेणं टाळते आहे. भीमगीतांच्याच कव्वालीच्या ‘दुय्यम’, म्हणजे सवाल-जवाबाच्या, सामन्यात असं नव्हतं: दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीने सवाल टाकायचा, दुसरीला जमलं नाही की श्रोते तिथल्या तिथे हसायचे. नागपूरच्या नागोराव पाटणकरांसारख्या कव्वालांनी ही धार सांभाळली होती.

सामने अजून होतात, यवतमाळच्या समता मैदानावर जयंतीच्या दिवसांत गाण्यांना गर्दीही होते. तिथलेच श्रोते मोबाईल उंच धरून मुखडा टिपतात, आणि कडवं सुरू झालं की हात खाली येतो. मंडळांना करता येण्यासारखं एक साधं काम आहे. चित्रफीत चढवताना खालच्या चौकटीत गीतकाराचं नाव, गाव आणि मूळ चाल लिहायची. खर्च शून्य. बहुतेक ठिकाणी आज त्या चौकटीत साउंड सर्व्हिसचा मोबाईल क्रमांक असतो.