सौहार्द आणि समृद्धि

एलायझा ग्रिसवोल्ड यांच्या ‘अ‍ॅमिटी अँड प्रॉस्पेरिटी’ (२०१८) या ग्रंथास २०१९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, ते आमच्या मते यथायोग्यच होय. अ‍ॅमिटी म्हणजे सौहार्द व प्रॉस्पेरिटी म्हणजे समृद्धि. परंतु ही पेनसिल्व्हेनियातील दोन खेड्यांची खरीखुरी नावे आहेत. पाणी, वाळू व रसायने यांच्या दाबाने भूगर्भातील खडक फोडून तेथे वायु काढू लागले. पुढे एका परिचारिकेची मुले आजारी पडली, जनावरे दगावली. तथापि वायूच्या करारनाम्यावर तिनेही सही केली होती, आणि शेजाऱ्यांस त्याच वायूने पैसा दिला, हे लेखिका लपवीत नाही. एकाची समृद्धि दुसऱ्याच्या पाण्याची धास्ती होऊन बसल्यावर सौहार्द कोठून टिकणार? हा प्रश्न जिवंत करण्यातच ग्रंथाचे सामर्थ्य आहे.

उणीव आम्हांस एकच वाटते. अशा विहिरींतून निसटणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता कोंडतो. ज्यांनी तो वायु कधी जाळला नाही, त्यांसही त्याची झळ लागते. ग्रंथाचा भर मात्र घर व न्यायालय यांवरच राहतो. आजारी लेकरू डोळ्यांस दिसते, तापलेले आकाश दिसत नाही. तेही दिसावे असे लिहिणे, हे पुढील लेखकाचे कर्तव्य होय.