गंगा शार्क, बुल शार्क आणि माझा चुकलेला तक्ता

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे आमच्याकडे कुणी शार्कवर सेमिनार घेतला, की सगळी भिस्त आययूसीएनच्या यादीवर. एमएस्सीला मीही तेच केलं. दोन रकाने: गंगा शार्क ‘क्रिटिकली एंडेंजर्ड’, बुल शार्क ‘व्हल्नरेबल’. खाली निष्कर्ष, पहिला जास्त धोक्यात. मार्कही बरे पडले. आज तो तक्ता पाहिला की कळतं, मी माशांची नाही, शिक्क्यांची तुलना केली होती.

कारण ‘ही नोंद त्याच प्रजातीची आहे हे कशावरून?’ हे मी विचारलंच नव्हतं. दोघंही एकाच कुळातले, जाडजूड, बोथट तोंडाचे आणि नदीत शिरणारे. गंगेतल्या हल्ल्यांचा ठपका वर्षानुवर्षं गंगा शार्कवर बसला. त्यातले बरेचसे बुल शार्कचे असावेत, असं आता मानलं जातं. फरक बघायचा तर पाठीवरचे पर बघा. गंगा शार्कचा दुसरा पर पहिल्याच्या साधारण निम्मा उंच, बुल शार्कचा जेमतेम एक तृतीयांश. पण पर कापून विकलेल्या माशावर हे कसं बघणार?

म्हणून रीमा जबाडो आणि सहकाऱ्यांचा 2018 चा शोधनिबंध जरूर वाचा. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर 266 सेंटिमीटरची एक मादी आली. ती गंगा शार्क असल्याचं त्यांनी नोंदवलं. दहा वर्षांतली ती पहिली नोंद. 2001 पासून कायद्याने संरक्षित असलेला मासा, आणि सापडला कुठे, तर मासळी उतरवायच्या धक्क्यावर! मात्र यावरून ‘गंगा शार्क मुंबईजवळ राहतो’ असं लिहू नका. धक्का म्हणजे मासा उतरवला ती जागा. जाळं कुठे पडलं होतं ते त्यावरून कळत नाही. शिवाय एका माशावरून अस्तित्व कळतं, संख्या नाही.

बुल शार्कच्या बाजूनेही माझा तक्ता लंगडाच होता. त्याचा ‘व्हल्नरेबल’ हा शिक्का जगभरातल्या उष्ण समुद्रांचा मिळून आहे. कोकण किनाऱ्यावर त्याचं काय चाललंय, हे त्यातून वेगळं कळत नाही. म्हणजे एका रकान्यात तुरळक नोंदींवर टिकलेली प्रजाती आणि दुसऱ्यात अख्ख्या जगाची सरासरी. त्यांना एकाच शिडीच्या दोन पायऱ्या समजणं चूकच.

आणि कायद्याची यादीही डोळे झाकून उतरवू नका बरं का. 2001 मध्ये गंगा शार्कसोबत ‘ग्लायफिस ग्लायफिस’ हे नावही अनुसूची एकमध्ये आलं. हा मासा खात्रीने माहीत आहे तो ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतून.

परवा जुन्या तक्त्यात तिसरा रकाना आखला: ‘ओळख कशावरून’. भरायला बसलो, तर निम्म्या ओळी कोऱ्याच राहिल्या.