गावचा पडदा आणि गावची बोली
जुन्नर–आंबेगाव परिसर आणि ‘टिंग्या’ यांच्या संदर्भात एक विचार

चित्रपट महोत्सव ही संस्था मूलतः नागर आहे. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1952 मध्ये मुंबईत भरला आणि पुढे मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे गेला. त्याचा मार्ग महानगरांचाच होता. अलीकडे युरोपातील, विशेषतः इटलीतील, लहान खेड्यांत स्वतंत्र चित्रपटांचे महोत्सव भरू लागले आहेत. असे महोत्सव आपल्याकडेही व्हावेत, अशी इच्छा अधूनमधून व्यक्त होते. इच्छा स्तुत्य आहे. परंतु तिच्यात एक गृहीतक दडलेले असते. खेड्यास चित्रपट पाहण्याची परंपरा नाही, ती बाहेरून नेऊन रुजवावयाची आहे, असे ते गृहीतक होय. जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात ते तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

या परिसरातील नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून प्रसिद्ध आहे. विठाबाई नारायणगावकर (1935–2002) यांचे नाव ज्या गावाशी कायमचे जोडले गेले, ते हेच. जत्रांच्या हंगामात तेथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, कोणता फड आपल्या जत्रेत रंगेल याची चर्चा करतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. हा व्यवहार केवळ आर्थिक नव्हे. आपल्या गावच्या प्रेक्षकाची आवड ओळखून त्याच्या वतीने केलेली ती निवड असते. आधुनिक महोत्सवात जे काम निवड समिती करते, तेच येथे जत्रेची पंचमंडळी करीत आली आहेत. निवड फसली तर दुसऱ्या दिवशी पारावर त्यांना जाब द्यावा लागतो, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्रातील अशा जत्रांत तमाशाच्या कनातीशेजारीच फिरत्या चित्रपटाचा तंबू उभा राहत असे. ट्रकवर बसविलेले प्रक्षेपणयंत्र, जमिनीवर मांडी घालून बसलेला प्रेक्षक, ध्वनिक्षेपकावरील आरोळ्या ही त्या संस्थेची सामग्री. रिळे गेली व अंकीय प्रक्षेपण आले, त्या संधिकालातील या तंबूंचे चित्रण शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात आढळते. 2016 मध्ये कान येथे त्याची विशेष दखल घेतली गेली. म्हणजे खेड्यात पडदा नव्हता असे म्हणता येत नाही. पडदा होता, प्रेक्षक होता आणि निवडीची रीतही होती. उणीव निराळ्याच ठिकाणी होती. त्या पडद्यावर प्रेक्षकाची स्वतःची बोली क्वचितच ऐकू येत असे.

मराठी चित्रपटात ग्रामीण बोली नव्हती काय, असा आक्षेप येथे संभवतो. ‘सांगत्ये ऐका’ (1959) किंवा ‘पिंजरा’ (1972) यांसारख्या यशस्वी चित्रपटांत ग्रामीण पात्रे पुष्कळ आहेत. परंतु मराठी चित्रपटाने हळूहळू एक सर्वसाधारण ‘ग्रामीण’ भाषा घडविली. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘नाही’च्या जागी ‘न्हाई’, ‘आला होता’च्या जागी ‘आल्ता’ अशा चारदोन खुणांनी ती ओळखता येते. या खुणा खोट्या नव्हेत. पण त्या कोणत्याही एका गावच्या नव्हेत. प्रत्यक्षात जुन्नर–आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती आहे, पूर्वेस बागायती पट्टा आहे. दहा कोसांत बोलीचा सूर पालटतो. पडद्यावरील ग्रामीण भाषेत हे भेद पुसले गेले आणि बोली म्हणजे विनोदाचे किंवा भाबडेपणाचे साधन, असा समज दृढ झाला.

या पार्श्वभूमीवर मंगेश हाडवळे यांच्या ‘टिंग्या’ (2008) या चित्रपटाचे महत्त्व ध्यानात येते. जुन्नर परिसरातील एका शेतकरी कुटुंबाची ही कथा आहे. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात चितंग्या नावाचा बैल पडून जायबंदी होतो. पेरणीचा हंगाम तोंडावर आलेला, डोक्यावर कर्ज. बैल खाटकास विकून दुसरा आणल्यावाचून बापास गत्यंतर उरत नाही. लहानग्या टिंग्यास हे मान्य नाही. शेजारच्या रशिदाची आजी आजारी असताना तिच्यावर उपचार होतात, मग चितंग्यावर का नाहीत, हा त्याचा प्रश्न आहे. टिंग्याची भूमिका करणाऱ्या शरद गोयेकर या मुलास 2007 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा मान मिळाला.

या प्रश्नाचे मूळ भाषेतच आहे. ‘टिंग्या’ आणि ‘चितंग्या’ या दोन नावांची घडण एकच. ‘-या’ हा प्रत्यय शेतकऱ्याच्या घरात मुलास लागतो आणि बैलासही लागतो. त्यात लाड असतो, हक्क असतो आणि जवळीक असते. घराच्या बोलीत मूल व बैल यांच्यात भेद नाही. तोच बैल बाजारात गेला की त्याचे ‘जनावर’ होते आणि त्यास भाव लागतो. टिंग्या घरच्या व्याकरणावर विश्वास ठेवतो. बापास बाजाराचे व्याकरण स्वीकारावे लागते. चित्रपटातील संघर्ष बोलीच्या पोटातून असा उगवला असल्यामुळे ही कथा प्रमाणभाषेत सांगता आली नसती. आजी व बैल यांची जोडणी काहीशी अधिक नेटकी झाली आहे, कथेची योजना तेथे उघडी पडते, हे मात्र मान्य केले पाहिजे. तसेच अनुभवी नटांच्या शेजारी स्थानिक मुलगा उभा राहिल्याने उच्चारांची सरमिसळ कितपत झाली, हे पारखणे शहरी समीक्षकास अवघड आहे. जुन्नरच्या शेतकऱ्यास ते सहज साधेल.

इटालियन चित्रपटास हा पेच परिचित आहे. व्हिस्कोन्ती यांचा ‘ला तेर्रा त्रेमा’ (1948) सिसिलीतील आची त्रेत्सा गावच्या कोळ्यांनी स्वतःच्या बोलीत उभा केला. इतर इटलीस ती उमगणे कठीण, म्हणून प्रमाण इटालियनमधील निवेदन जोडावे लागले. ओल्मी यांच्या ‘लाकडी खडावांचे झाड’ या अर्थाच्या नावाच्या चित्रपटात बेर्गामो परगण्यातील शेतकरी आपल्या बोलीत बोलले. त्यास 1978 मध्ये कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यातही एका विधवेची गाय आजारी पडते आणि ती कापावी असा सल्ला मिळतो. चितंग्याची ही दूरची बहीणच म्हणावयाची. दोन्हीकडे बोली हे सत्याचे अधिष्ठान आहे.

यावरून परभाषेतील चित्रपट खेड्यात दाखवू नयेत, असा निष्कर्ष निघत नाही. कर्नाटकातील हेग्गोडु या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम् संस्थेने सत्तरच्या दशकात चित्रपट मंडळ उभारून राय, कुरोसावा, डी सिका यांच्या कृती ग्रामस्थांना दाखविल्या. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील सतीश बहादूर यांनी तेथे रसास्वादाचे वर्ग घेतले. त्या प्रयोगाचे यश चित्रपटांच्या कीर्तीत नव्हते. पाहिल्यानंतर आपल्या भाषेत बोलण्याची सोय प्रेक्षकास मिळाली, यात ते होते.

तात्पर्य, महोत्सव गावात भरला म्हणजे तो गावचा होत नाही. पाहुणे शहरातून आले, चर्चा प्रमाणभाषेत झाली आणि ग्रामस्थ यजमान म्हणून मागे उभा राहिला, तर गाव हे चित्रीकरणस्थळासारखेच केवळ स्थळ राहते. जुन्नर–आंबेगावात असा महोत्सव भरावयाचा असेल, तर नारायणगावच्या राहुट्यांपुढे वापरला जाणारा निवडीचा अधिकार जत्रेच्या पंचांकडेच राहिला पाहिजे आणि ‘टिंग्या’तील उच्चार खरा की नाटकी, याचा निवाडा डोंगरपट्ट्यातील व बागायतीतील प्रेक्षकांनी आपापल्या बोलीत दिला पाहिजे. तो निवाडा नोंदविणे हे विद्यापीठीय अभ्यासकाचे काम. तो त्याने स्वतः देऊ नये.