स्वगत आणि कबुलीजबाब

स्वगत हा रंगभूमीवरील जुना संकेत आहे. ऐकणारे कोणी नाही असे समजून पात्र जे बोलते ते खरे मानावयाचे, असा त्यात नाटककार व प्रेक्षक यांचा मूक करार असतो. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाच संकेत बंगळुरू येथे गुन्हेतपासाच्या कामी आला. सोडियम पेंटोथालच्या अमलाखाली संशयिताला प्रश्न विचारण्याच्या नार्को चाचण्यांसाठी तेथील न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा ख्यात झाली आणि महाराष्ट्रातील अनेक आरोपींना तेथे नेण्यात आले. मुद्रांक गैरव्यवहारातील अब्दुल करीम तेलगी याच्या चाचणीची चित्रफीत 2006 साली दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, तेव्हा ती स्वगतासारखीच ऐकली गेली. गुंगीतले बोलणे आतले, आणि आतले म्हणून खरे!

वस्तुतः नार्को चाचणी हे स्वगत नव्हे. तो संवाद आहे, आणि त्यातील दुसरे पात्र अत्यंत बलवान आहे. औषधाने मनाचा पहारा सैल होतो, पण त्याबरोबर सूचनावशताही वाढते. प्रश्नात दडलेले नाव उत्तरात उतरते. ऐकलेले, कल्पिलेले आणि अनुभवलेले यांच्या सीमा पुसट होतात. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सक्तीची चाचणी घटनाबाह्य ठरविली. तिचा मुख्य आधार स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क हा असला, तरी निकालपत्राने या अविश्वसनीयतेचीही दखल घेतली.

औषधाविना घडणारी खोटी कबुली अधिक गुंतागुंतीची असते. सॉल कॅसिन व लॉरेन्स राइट्समन या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली तिचे तीन प्रकार सांगितले: स्वेच्छेने दिलेली, छळ चुकविण्यासाठी दिलेली, आणि दडपणाखाली स्वतःलाच पटलेली. यांतील तिसरा प्रकार साहित्याला आधीच परिचित होता. फ्रीड्रिश ड्यूरेनमाट यांच्या ‘दी पाने’ (1956) या कथेत निवृत्त न्यायाधीश-वकिलांच्या लुटुपुटीच्या खटल्यात सापडलेला फिरता विक्रेता वरिष्ठाच्या खुनाचा आरोप नुसता मान्य करीत नाही. त्याला तो हवासा वाटू लागतो. त्याच्या किरकोळ आयुष्याला प्रथमच कथानक लाभते.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या कथेशी अनेकदा ताडून पाहिले जाते. साम्य खेळापुरतेच आहे. लीला बेणारे आरोप पटवून घेत नाही; ती गप्प होते. दरम्यान सामंत हातातील कादंबरीच्या आधारे साक्ष देतो. ती रचलेली आहे हे साऱ्यांना ठाऊक असूनही तिच्यावरच पुढचा खटला उभा राहतो, आणि क्रौर्य असे की ती बेणारेच्या खऱ्या दुःखाला जाऊन भिडते. उलट तिचे अखेरचे दीर्घ स्वगत कामकाजात येतच नाही. आरोपीला काही सांगावयाचे नाही असे धरून काशीकर शिक्षा सुनावतात. हे स्वगत नाटकाच्या वास्तववादी बांधणीत बसत नाही, हा आक्षेप येथे लंगडा पडतो. ते न बसणे हाच नाटकाचा आशय आहे.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील 11 जुलै 2006 च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात मोक्काखालील कबुलीजबाब हा अभियोगाचा मोठा आधार होता. काही आरोपींच्या नार्को चाचण्याही बंगळुरूत झाल्या होत्या. विशेष न्यायालयाने दोषी धरलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष ठरविले. त्यांपैकी एक आधीच मरण पावला होता. न्यायालयाने हे जबाब शेजारी-शेजारी ठेवून वाचले, आणि वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी तोच मजकूर आढळल्याचे नोंदविले. हे काम पाठचिकित्सकाचेच म्हणावे लागेल. दोन हस्तलिखितांत एकच चूक दिसली की तो मूळ प्रतीचा माग काढू लागतो. सामंताच्या हातातील कादंबरी निदान प्रेक्षकाला दिसत असते. येथे ती केवळ पुनरुक्तीवरून ओळखावी लागली. 24 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही.