कार्यफलकावरील उतरंड : कामांच्या श्रेणीबद्ध मांडणीची चिकित्सा
(बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

कोणतेही मोठे काम लहान लहान कामांत विभागल्याशिवाय तडीस जात नाही. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची तयारी असो, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर असो अथवा साखर कारखान्याचा गळीत हंगाम असो, प्रत्येक ठिकाणी कामाचे थर पाडावे लागतात व प्रत्येक थराची जबाबदारी कोणावर तरी सोपवावी लागते. गेल्या दीड दशकात या विभागणीसाठी संगणकीय कार्यफलकांचा वापर वाढला आहे. ही साधने वापरण्यास सोपी असून त्यांपैकी अनेक विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र त्यांची मूळ रचना सपाट आहे आणि संस्थांचे काम थरांचे असते. या विसंगतीतून निर्माण होणाऱ्या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

मराठीत अशा थरांसाठी 'उतरंड' हा समर्पक शब्द आहे. घरातील उतरंडीत मोठे मडके तळाशी व लहान मडके वर असते. सर्वांचा भार तळाचे मडके सोसते. कार्यालयीन तक्त्यात मात्र मोठी गोष्ट वर आणि लहान गोष्ट खाली दाखविली जाते, त्यामुळे भार कोणावर आहे हे तक्त्यातून कळत नाही. कामांच्या श्रेणीबद्ध मांडणीची चिकित्सा याच मुद्द्यापासून सुरू होते.

कार्यफलकाचे स्वरूप :

या फलकांचे मूळ जपानमधील टोयोटा कारखान्यात तैइची ओहनो यांनी विकसित केलेल्या 'कान्बान' पद्धतीत आहे. तेथे सुट्या भागांच्या डब्याबरोबर एक कार्ड फिरत असे. पुढील टप्प्यावरील कामगाराला भागांची गरज लागली की ते कार्ड मागील टप्प्याकडे जाई आणि तेवढेच नवे भाग तयार होत. कार्डाचे कार्य एवढेच होते. कोणते कार्ड कोणाच्या पोटात आहे, हा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता.

२०११ मध्ये न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक या कंपनीने 'ट्रेलो' हे साधन सादर केले व २०१७ मध्ये ते अॅटलॅसियन या कंपनीने विकत घेतले. फलक, त्यावरील स्तंभ आणि स्तंभातील कार्डे हीच त्याची रचना होय. 'करावयाचे', 'चालू' आणि 'झाले' अशा तीन स्तंभांतून कार्ड डावीकडून उजवीकडे सरकते. प्राध्यापकाला अथवा लिपिकाला ते समजण्यास पाच मिनिटे पुरतात. या साधनाचे सामर्थ्य त्याच्या सपाटपणात आहे आणि मर्यादाही त्यातच आहे.

उतरंड रचण्याचे प्रचलित मार्ग :

सपाट फलकावर थर निर्माण करण्याचे तीन प्रमुख मार्ग दिसून येतात.

पहिला मार्ग चेकलिस्टचा होय. ट्रेलोमध्ये कार्डाच्या पोटात बाबींची यादी करता येते आणि पूर्ण झालेल्या बाबींची टक्केवारी आपोआप दिसते. हा मार्ग सर्वांत सुलभ असला तरी त्यात दोन दोष आहेत. सुरुवातीच्या स्वरूपात यादीतील बाबीला स्वतंत्र जबाबदार व्यक्ती किंवा मुदत देता येत नसे; ही सोय पुढे सशुल्क योजनांतून आली. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. टक्केवारी केवळ संख्या मोजते, श्रम मोजत नाही. दहापैकी आठ किरकोळ बाबी पूर्ण झाल्या की ऐंशी टक्के काम झाले असे दिसते. प्रत्यक्षात उरलेल्या दोन बाबींतच निम्म्याहून अधिक कष्ट असू शकतात.

दुसरा मार्ग 'कानबोर्ड' या मुक्तस्रोत साधनात आढळतो. येथे उपकामाला स्वतःची ओळ असते. तिच्यापुढे काम करणाऱ्याचे नाव, स्थिती आणि लागलेला वेळ यांची नोंद होते. चेकलिस्टमध्ये अदृश्य राहणारा माणूस येथे दिसू लागतो. मात्र उपकाम फलकावर स्वतंत्रपणे सरकत नाही. ते मूळ कामाच्या आतच राहते.

तिसरा मार्ग 'वीकॅन' या दुसऱ्या मुक्तस्रोत साधनाने स्वीकारला आहे. त्यात उपकाम हे स्वतःच एक कार्ड असते, ते ठरवून दिलेल्या दुसऱ्या फलकावर ठेवता येते व मूळ कार्डाशी जोडलेले राहते. येथे उपकामाला पूर्ण दर्जा मिळतो. तथापि दोन-तीन थरांनंतर कार्डांची संख्या इतकी वाढते की एका दृष्टिक्षेपात सर्व काही दिसण्याचा जो लाभ फलकाने दिला होता, तोच नाहीसा होतो.

सारांश, पहिल्या मार्गात साधेपणा आहे पण माणूस नाही, तिसऱ्यात माणूस आहे पण साधेपणा नाही. दुसरा मार्ग या दोहोंमधील तडजोड होय.

एका कामाचे अनेक पालक :

महाविद्यालयीन कामकाजात आणखी एक अडचण येते. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या २०१७ मधील सुधारित चौकटीत सात निकष, त्यांखाली प्रमुख निर्देशक आणि त्यांखाली मापके अशी स्पष्ट उतरंड होती. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने ही रचना जशीच्या तशी फलकावर उतरविणे स्वाभाविक वाटते. परंतु राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात विद्यार्थ्यांनी जलसंधारणाचे काम केले, तर त्याचे कार्ड कोठे ठेवावे? विस्तारकार्य म्हणून ते तिसऱ्या निकषात येते, तर पर्यावरणविषयक उपक्रम म्हणून सातव्या निकषात त्याचा उल्लेख करावासा वाटतो. एकाच पालकाखाली ठेवले तर दुसरीकडे त्याची नोंद राहून जाते. दोन्हीकडे ठेवले तर एकच छायाचित्र व एकच अहवाल दोन विभागांकडून दोनदा मागविला जातो.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास बीड जिल्ह्यातीलच एक प्राचीन मांडणी उपयुक्त ठरते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात सुमारे चाळीस फूट लांब व चार फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' हा विषय मांडला. ही 'पासोडी' म्हणजे आकृत्यांच्या साहाय्याने गहन विषय एका सलग पृष्ठावर उलगडण्याचा मराठीतील असाधारण प्रयत्न होय. पंचीकरणाच्या सिद्धान्तानुसार प्रत्येक स्थूल महाभूतात निम्मा अंश स्वतःचा असतो आणि उर्वरित चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश असतो. म्हणजे वर्गीकरण आहे, पण वर्गांच्या भिंती बंदिस्त नाहीत. पृथ्वी ही पृथ्वीच राहते आणि तरीही तिच्यात जलाचा अंश असतो.

तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आणि कामाचा फलक यांची प्रयोजने भिन्न आहेत, हे उघड आहे. तरीही या मांडणीतून एक व्यावहारिक तत्त्व हाती लागते. कामाचे मुख्य स्थान एकच असावे आणि त्याचे इतर संबंध खुणांनी दाखवावेत. शिबिराचे कार्ड तिसऱ्या निकषाच्या स्तंभात राहील व त्यावर सातव्या निकषाची रंगीत खूण असेल. बहुतेक साध्या फलकांत अशा खुणांची सोय असते. मात्र तिच्याकडे केवळ सजावट म्हणून पाहिले जाते.

शेवटचे एकक कोणते? ऊसतोडीचे उदाहरण :

वरील चर्चा मांडणीपुरती झाली. उतरंडीचा मूलभूत प्रश्न याहून खोल आहे. विभागणी कोठे थांबवायची आणि शेवटचे एकक कोणते मानायचे, हा तो प्रश्न होय. बीड जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर संगणक येण्यापूर्वीच दिले गेले आहे आणि त्याची किंमत लाखो कुटुंबांनी मोजली आहे.

दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे स्थलांतर करतात. या कामाची उतरंड कारखाना, मुकादम, टोळी आणि कोयता अशी आहे. कारखान्याची उचल मुकादमामार्फत कोयत्यापर्यंत पोहोचते आणि मजुरी टनावर ठरते. 'एक कोयता' म्हणजे सामान्यतः पती-पत्नीची जोडी. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हटले जाते. म्हणजेच या व्यवस्थेचे शेवटचे कार्ड माणसाचे नसून हत्याराचे आहे.

या एककाच्या पोटात अनेक कामे दडलेली आहेत. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे, मोळ्या डोक्यावरून वाहून नेणे व वाहनात भरणे ही झाली फडातील कामे. पहाटेचा स्वयंपाक, पाणी आणणे आणि मुले सांभाळणे ही कोपीवरची कामे. हिशेबाच्या वहीत यांपैकी काहीही स्वतंत्रपणे येत नाही. तेथे कोयत्याचे नाव, टनांचा आकडा, उचल आणि खाड्याची कपात एवढेच असते. स्त्रीच्या श्रमाची नोंद पतीच्या नावे असलेल्या कोयत्यात विरून जाते.

याचे परिणाम केवळ हिशेबापुरते मर्यादित राहत नाहीत. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांमागे अनेक कारणे आहेत आणि त्यांचा दोष एका नोंदपद्धतीवर टाकणे अशास्त्रीय ठरेल. परंतु ज्या व्यवस्थेत खाडा मोजला जातो आणि आजार मोजला जात नाही, त्या व्यवस्थेत शरीराची हानी नजरेआड राहणे सोपे असते. पाहणीने प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र गणना केली, म्हणूनच ही बाब आकड्यांत दिसली.

हाच मुद्दा महाविद्यालयाच्या फलकालाही लागू पडतो. उदाहरणादाखल, स्वयंसेवकांना एका गावातील स्थलांतरित कुटुंबांची पाहणी करावयाची आहे आणि गावात दहा कोयत्यांची एक टोळी आहे, असे मानले तर टोळी हे एकक धरल्यास फलकावर एक कार्ड येईल, कोयता धरल्यास दहा आणि व्यक्ती धरल्यास वीस. मुलांची गणना केल्यास संख्या आणखी वाढेल. पहिला फलक सर्वांत सुटसुटीत दिसेल आणि सर्वांत लवकर 'झाले' या स्तंभात पोहोचेल. मात्र कोणाची तपासणी राहिली आणि कोणाचे मूल शाळेबाहेर आहे, हे त्यातून कळणार नाही.

विभागप्रमुखाच्या नावे असलेले 'तिसरा निकष पूर्ण' हे कार्ड आणि मुकादमाच्या नावे असलेली टोळी यांत प्रमाणाचा प्रचंड फरक आहे. रचनेचा दोष मात्र सारखाच आहे. तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापकाने रात्री जागून भरलेली माहिती त्या कार्डात दिसत नाही.

प्रतिवाद :

प्रत्येक लहान कामाची व्यक्तीनिहाय नोंद ठेवल्यास फलक हे देखरेखीचे हत्यार बनेल, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो रास्त आहे. नोंद श्रेय देण्यासाठीही वापरता येते आणि धाक घालण्यासाठीही. म्हणून नोंद कोण पाहतो, ती कोण बदलू शकतो आणि काम करणाऱ्याला स्वतःचे कार्ड स्वतः मांडता येते काय, हे प्रश्न थरांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे ठरतात. ऊसतोडीच्या वहीत नोंद करण्याचा अधिकार कोयत्याला कधीच नव्हता, हे येथे विसरता येत नाही.

निष्कर्ष :

१. साध्या कार्यफलकावर दोनपेक्षा अधिक थर लादल्यास त्याचा साधेपणा नष्ट होतो. अधिक थर आवश्यक असल्यास प्रत्येक थरासाठी स्वतंत्र फलक ठेवणे इष्ट.

२. प्रत्येक कामाचे मुख्य स्थान एकच असावे. अन्य संबंध रंगीत खुणांनी दर्शवावेत.

३. पूर्ण झालेल्या बाबींची टक्केवारी ही श्रमाची टक्केवारी नसते. प्रगतीचा अहवाल केवळ तिच्या आधारे देऊ नये.

४. शेवटचे एकक असे असावे की ते एक व्यक्ती पूर्ण करू शकेल व त्याचे श्रेय तिच्याच नावे राहील.

५. कार्ड मांडण्याचा व दुरुस्त करण्याचा अधिकार काम करणाऱ्यास असावा.

समारोप :

कार्यफलक कामाला शिस्त लावतो, परंतु कोणाचे काम मोजायचे हे तो ठरवीत नाही. तो निर्णय फलक आखणाऱ्याचा असतो. उतरंड रचताना वरच्या मडक्याची शोभा पाहण्याआधी तळाचे मडके कोणाचे आहे याची चौकशी करणे, ही कोणत्याही नियोजनाची पहिली पायरी मानावी लागेल. ज्या जिल्ह्यात माणसांची गणना पिढ्यान्पिढ्या कोयत्यांनी होत आली, तेथील शिक्षणसंस्थांवर ही जबाबदारी अधिक येते.