एकोणिसावी ओळ

२२ ऑगस्ट १९२०, अँटवर्प. ऑलिंपिक मॅरेथॉनच्या निकालपत्रात एकोणिसाव्या जागी एक ओळ आहे: फडेप्पा दारेप्पा चौगुले, भारत, २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद. चौगुले बेळगावचे. निकाल वाचणारी नजर सहसा पदकांपाशी थांबते आणि इथवर पोचत नाही. मला मात्र त्या अख्ख्या निकालपत्रात हीच ओळ सर्वांत भरीव वाटते. शर्यतीची वेळ म्हणजे शरीराने स्वतःबद्दल लिहिलेला अत्यंत प्रामाणिक मजकूर. तो वाचायचं व्याकरण शरीरक्रियाशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत घडवलं. ते हाताशी घेतलं की या एका ओळीत केवढं काय भरलं आहे ते दिसू लागतं.

आधी अंतर पाहू. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, हे आज शाळकरी मुलालाही पाठ असतं. पण अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन. तेव्हा चौगुल्यांची वेळ आजच्या वेळांशेजारी ठेवण्याआधी तिला अंतराने भागायला हवं. भागाकार केला की हाती येतात किलोमीटरमागे २३९.६६ सेकंद. चार मिनिटांना एक किलोमीटर, आणि त्यातूनही सेकंदाचा एक तृतीयांश भाग वाचवलेला! याच चालीने आजचं अंतर सुमारे २ तास ४८ मिनिटांत संपलं असतं. विजेते हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत आले. चौगुले त्यांच्या १८ मिनिटं मागे होते. ताशी १५ किलोमीटरचा वेग पावणेतीन तासांहून अधिक काळ टिकवणं म्हणजे काय, हे ज्याने मैदानाची एक फेरी त्या वेगाने मारून पाहिली आहे त्याला सांगावं लागत नाही.

हा माणूस तिथवर पोचला कसा? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यांतली शेतकरी मुलं अनवाणी धावली. टाटांनी १९२९ सालच्या एका पत्रात ही हकिगत नोंदवली आहे. या मुलांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या तोडीच्या आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. तिथून अँटवर्पला पथक धाडण्याचा विचार पुढे सरकला आणि टाटांनी त्याला पैशाचं पाठबळ दिलं. म्हणजे या ओळीच्या मागे एक भाकीत उभं आहे. एका शर्यतीची वेळ पाहून दुसऱ्या शर्यतीबद्दल बांधलेला अंदाज. टाटांकडे घड्याळाशिवाय दुसरं साधन नव्हतं. आज शंभर वर्षांनीही हौशी धावपटूच्या पुढच्या शर्यतीबद्दल सर्वांत खात्रीने बोलतं ते त्याच्या मागच्या शर्यतीचं घड्याळच. शरीरक्रियाशास्त्राचं खरं काम आहे ते घड्याळ बरोबर का बोलतं आणि कुठे चुकतं, हे उलगडून दाखवण्याचं.

त्या उलगड्याची सुरुवात अँटवर्पनंतर तीनच वर्षांनी झाली. १९२३ मध्ये ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन यांनी धावणाऱ्या माणसाने सोडलेली हवा पिशवीत गोळा करून, वेग वाढवत नेला तरी प्राणवायूचा वापर एका हद्दीपुढे वाढत नाही, असं दाखवलं. हिल स्वतःच त्या प्रयोगांत धावले. ती हद्द म्हणजे आज प्रत्येक मनगटी घड्याळावर झळकणारं ‘व्हीओटू मॅक्स’. दर मिनिटाला, शरीराच्या दर किलो वजनामागे, जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरता येतो त्याचं माप. फुप्फुसं, हृदयाचा प्रत्येक ठोका, रक्तातलं हिमोग्लोबिन, स्नायूंतल्या केशवाहिन्या, सगळ्यांची बेरीज त्या एका आकड्यात उतरते.

चौगुल्यांचं असं मोजमाप कधी झालं नाही, होणं शक्यही नव्हतं. पण ओळ आपल्याला मागच्या दाराने आत घेते. सराव असलेल्या धावपटूला एक किलोमीटर धावायला वजनाच्या दर किलोमागे साधारण २०० मिलिलिटर प्राणवायू लागतो. चौगुले मिनिटाला २५० मीटर कापत होते. म्हणजे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर. धडधाकट पण सराव नसलेल्या पुष्कळ तरुणांची कमाल मर्यादाही याच्या खाली संपते. त्यांना जे काही मिनिटांपलीकडे पेलणार नाही, ते चौगुल्यांनी पावणेतीन तास पेललं. मॅरेथॉन कमाल क्षमतेवर धावता येत नाही. तिचा एक हिस्साच वापरावा लागतो. तो हिस्सा ८० टक्के धरला तर कमाल क्षमता ६२-६३ निघते. ७५ टक्के धरला तर ६६ च्या पुढे. हा आपला अंदाज, पण हवेतला नव्हे. वेळ आणि अंतर या दोन आकड्यांनी शरीराला इतकं बोलतं केलं आहे.

इथेच वाचन रंगतं, कारण एकाच ओळीचे दोन-तीन अर्थ निघू लागतात. कमाल क्षमता मोठी आणि टिकवलेला हिस्सा लहान, की क्षमता बेताची आणि हिस्सा मोठा? की तिसरंच काही, म्हणजे त्याच वेगाला मुळात प्राणवायूच कमी लागत होता? या तीन गोष्टींच्या गुणाकारातून वेग जन्मतो. मायकेल जॉयनर यांनी १९९१ मध्ये हा गुणाकार त्याच्या टोकाला नेऊन पाहिला. कमाल क्षमता ८४, लॅक्टेटचा उंबरठा (रक्तात लॅक्टेट साचू लागतं तो टप्पा) ८५ टक्क्यांवर आणि असामान्य काटकसर, हे तिन्ही एकाच देहात जुळले तर मॅरेथॉन १ तास ५७ मिनिटं ५८ सेकंदांत धावता येईल, असं त्यांचं गणित सांगत होतं. तेव्हा विश्वविक्रम होता २ तास ६ मिनिटं ५० सेकंदांचा. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टम २ तास ३५ सेकंदांत धावला तेव्हा ते गणित किती दूरचं पाहत होतं, हे कळलं.

काटकसर हा या तिघांतला सर्वांत न दिसणारा गुण. एकाच कंपनीच्या दोन स्कूटर लिटरमागे वेगळं ॲव्हरेज देतात, तसे दोन धावपटू एकाच वेगाला वेगवेगळा प्राणवायू खर्च करतात. १९८० मध्ये कॉन्ली आणि क्रॅहेनबुल यांनी जवळपास सारख्या कमाल क्षमतेचे बारा कसलेले धावपटू निवडले. त्यांच्या १० किलोमीटरच्या वेळांत जो फरक होता त्यातला ६५ टक्के फरक एकट्या काटकसरीने समजावून दिला. याचं सर्वांत देखणं उदाहरण योगायोगाने अँटवर्पचंच आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डेरेक क्लेटन याच शहरात २ तास ८ मिनिटं ३३ सेकंदांत मॅरेथॉन धावले. त्या मार्गाच्या लांबीबद्दल पुढे शंका घेतली गेली, पण त्यांच्या थोरवीबद्दल नाही. प्रयोगशाळेत त्यांची कमाल क्षमता भरली ६९.७, म्हणजे अनेक मागे पडलेल्या धावपटूंपेक्षाही कमी. पण त्या क्षमतेचा फार मोठा हिस्सा ते अखेरपर्यंत वापरू शकत आणि पावलागणिक उधळपट्टी करत नसत.

चौगुल्यांच्या पिढीच्या अनवाणी धावण्यावर इथे भाळून जाण्याचा मोह होतो. बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की खर्च सुमारे एक टक्का वाढतो, हे खरं. पण २०१२ मध्ये फ्रान्झ, वीर्झबिकी आणि क्रॅम यांनी हलके बूट आणि अनवाणी पाय यांची तुलना केली तेव्हा अनवाणी धावण्यात काही बचत आढळली नाही. त्या मुलांचं मोठेपण पायांत बूट नसण्यात शोधू नये. ते हृदयात, स्नायूंत आणि वर्षानुवर्षांच्या चालण्याधावण्यात होतं.

मग तिन्हींची खबर एकदम देणारा एकच दर्शक आहे का? आहे, आणि तोच मला या शास्त्राचा सर्वांत सुंदर शोध वाटतो. धावण्याचा वेग हळूहळू वाढवत नेला की एका टप्प्यावर रक्तात लॅक्टेट साचू लागतं. हाच तो उंबरठा. त्या क्षणीचा वेग मोजायचा. १९७९ मध्ये फॅरेल आणि सहकाऱ्यांनी अठरा धावपटूंवर हे करून पाहिलं. छोट्या पल्ल्यापासून मॅरेथॉनपर्यंत प्रत्येक शर्यतीच्या वेळेशी या वेगाचं नातं विलक्षण घट्ट निघालं. मॅरेथॉन तर त्याच वेगाच्या अगदी आसपास धावली जाते, असं दिसलं. कारण साधं आहे. या एका वेगात कमाल क्षमता, तिचा टिकणारा हिस्सा आणि काटकसर या तिन्ही गोष्टी आधीच मिसळलेल्या असतात.

तरीही निकालपत्रात अशी एक जागा आहे जिथे हे सगळं व्याकरण अपुरं पडतं. त्याच शर्यतीत भारताचे सदाशिव दातारही उतरले होते. त्यांच्या नावापुढे वेळ नाही. शर्यत पूर्ण झाली नाही. प्रयोगशाळेत ताज्या शरीराचं माप घेतात. मॅरेथॉनच्या तिसाव्या किलोमीटरला धावणारं शरीर ताजं नसतं. यकृतातली आणि स्नायूंतली साखर आटलेली असते, पाणी उतरलेलं असतं, ठोके चढलेले असतात आणि तोच वेग महाग झालेला असतो. काहींचा उंबरठा तीन तासांत थोडाच घसरतो, काहींचा कोसळतो. अँड्र्यू जोन्स यांनी अलीकडे या चिवटपणाला तीन जुन्या घटकांशेजारी चौथं परिमाण म्हणून जागा दिली आहे. दातारांच्या कोऱ्या जागेचं नेमकं कारण ते नाव वाचून कळत नाही. पण पल्ल्याच्या शर्यतीत शेवटचा शब्द चिवटपणाचा असतो, एवढं ती जागा नक्की शिकवते.

आणि हाच धडा हौशी धावपटूला सर्वांत जास्त लागू पडतो. मी हे जबलपूरच्या गोरखपुरात राहून लिहितो आहे. इथून पहाटे निघणारे धावणारे छावणीतल्या रिज रोडला जातात किंवा ग्वारीघाटाकडे नर्मदेच्या दिशेने उतरतात आणि परतताना तोच चढ चढतात. त्यांच्यात हिंदीभाषक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेले मराठी आहेत. दुकानदार, कारकून, निवृत्त फौजी आहेत. त्यांच्या बोलण्यात पीटर रिगेल यांचं सूत्र सर्रास येतं, नाव माहीत नसलं तरी. अंतर दुप्पट झालं की वेळ सुमारे २.०८५ पट होते. हाफ मॅरेथॉन १ तास ५० मिनिटांत झाली की फुल ३ तास ४९ मिनिटांत होणार, असा हिशेब मांडला जातो. २०१६ मध्ये व्हिकर्स आणि व्हर्टोसिक यांनी हौशी धावपटूंच्या वेळांवर हे सूत्र ताडून पाहिलं. हाफपर्यंत ते बरोबर चाललं. फुलला मात्र जवळजवळ निम्म्या लोकांना त्याने दहा मिनिटांहून जास्त घाईचं स्वप्न दाखवलं. आठवड्याला किती किलोमीटर धावणं होतं तो आकडा हिशेबात घेतला की अंदाज सुधारला. जी. टांडा यांनीही २०११ मध्ये आठवड्याचे किलोमीटर आणि सरावातली सरासरी चाल, एवढ्या दोनच गोष्टींवरून मॅरेथॉनची वेळ बरीच नेमकी सांगता येते असं दाखवलं होतं.

म्हणून घड्याळावरच्या व्हीओटू मॅक्सला फार डोक्यावर घेऊ नये. ते घड्याळ प्राणवायू मोजत नाही. वेग आणि ठोके पाहून अंदाज करतं. वयावरून काढलेले कमाल ठोकेही एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारानी सहज चुकतात. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा त्वचेकडे रक्त वळतं, त्याच वेगाला ठोके वाढतात आणि घड्याळ बिचाऱ्या माणसाची क्षमता घटली असं सांगतं. त्यापेक्षा सपाट रस्त्यावर अर्धा तास एकट्याने, सारख्या चालीने, जीव लावून धावावं आणि तो वेग लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी तशाच हवेत पुन्हा धावावं. उंबरठ्याचा वेग सुया न टोचता असा हाती येतो.

या दर्शकांतलं मला सर्वांत आवडतं ते हे की त्यांच्यात जन्माचा आणि सरावाचा वाटा सारखा नाही. सराव नसलेल्या शरीराची मूळ कमाल क्षमता बरीचशी आईवडिलांकडून येते. सरावाने ती वाढते, पण कुणाची खूप, कुणाची नावापुरती. सराव सोडला तर जातेही लवकर. कॉइल यांच्या १९८४ च्या अभ्यासात तीन आठवड्यांत ७ टक्के गेली. उंबरठ्याचा वेग आणि चिवटपणा मात्र वर्षानुवर्षं साठत जातात, आणि ते आठवड्याचे किलोमीटर नेमाने जमवणाऱ्याला मिळतात. चार तासांत मॅरेथॉन संपवणाऱ्या माणसाला दर किलोमागे मिनिटाला ३५ मिलिलिटर प्राणवायू लागतो, चौगुल्यांना ५० लागला. मधल्या अंतरातला काही भाग जन्माचा आहे. तो कुणी भरून काढू शकत नाही. उरलेला भाग रस्त्यावरचा आहे. शर्यतीआधी आपलं भाकीत काढायचं असेल तर ते याच भागासाठी काढावं, कारण तेवढाच भाग पुढच्या निकालात आपल्या हाताने बदलता येतो.